समालोचकावरचा राग

शिकागोच्या दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचे अलीकडे दोनच गोष्टींवर एकमत होते: मालकाने संघ विकून टाकावा आणि दूरचित्रवाणीवरचा समालोचक बदलावा. पहिल्या मागणीतून काही निष्पन्न होत नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे सगळा जोर दुसरीवर असतो. या शहराच्या एका उपनगरात राहायला आल्यावर मी व्हाइट सॉक्सच्या बाजूचा झालो. संघाबरोबर त्याच्या समालोचकाविषयीच्या तक्रारीही वारशाने येतात, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आकाशवाणीवर क्रिकेट ऐकत वाढलेल्या माणसाला इथे प्रथम नवल वाटते ते समालोचक संघाचा असतो याचे. बाळ ज. पंडित यांच्यासारखे मराठीतून बोलणारे असोत की हिंदी-इंग्रजीतले, आमचे समालोचक मनाने भारताच्या बाजूचे असले तरी नोकरीने आकाशवाणीचे होते. अमेरिकेत मात्र मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतील 30 संघांपैकी प्रत्येकाची स्थानिक प्रक्षेपणासाठी आपापली जोडी असते. मैदानावर काय घडले हे सांगणारा एक आणि ते का घडले हे सांगणारा, बहुधा निवृत्त खेळाडू असलेला, दुसरा. त्यांची नेमणूक एक तर संघच करतो किंवा संघाच्या संमतीने वाहिनी करते. नियमित हंगामात संघाला 162 सामने खेळायचे असल्याने वसंतापासून सप्टेंबर संपेपर्यंत ही दोन माणसे जवळजवळ रोज संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात बोलत असतात. 2023 साली पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावल्यापासून सामना अडीच-पावणेतीन तासांत आटोपू लागला आहे. तरीही त्यात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो वेळ अगदी थोडा आणि बाकीचा सगळा वेळ बोलून भरायचा असतो. इतक्या सलगपणे आपण घरातल्या माणसांचेही ऐकून घेत नाही.

त्यामुळे तक्रारी असणारच. साधा उंच झेल उडाला तरी होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, गेल्यासारखे ओरडायचे आणि चेंडू कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे झेलला गेला की आवाज हळूच खाली आणायचा. पिचर बदलला की ती बदली कोणत्या विमा कंपनीच्या सौजन्याने झाली हे सांगायचे. आमच्या काळात पिचर सामन्यातल्या नऊही इनिंग टाकत असत, ही आठवण महिन्यातून अनेकदा काढायची. सट्ट्याचे भाव वाचून दाखवायचे. आणखी एक तक्रार खास बेसबॉलची आहे. समोरच्या संघाला पिचरने एकही हिट (बॅटर बेस गाठतो असा फटका) घेऊ दिलेली नसेल, तर सामना संपेपर्यंत ती गोष्ट तोंडाने उच्चारायची नाही, उच्चारली की दृष्ट लागते, अशी इथे श्रद्धा आहे. 1947 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा पिचर बिल बेव्हन्स अशी कामगिरी करत असताना रेड बार्बर या समालोचकांनी ती रेडिओवरून उघडपणे सांगितली, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर बेव्हन्सला पहिली हिट बसली आणि त्याच फटक्याने यांकीज सामनाही हरले. त्या पिचरने सामन्यात चेंडू कक्षेबाहेर टाकून 10 बॅटरना फुकट, चालत पहिल्या बेसवर पाठवले होते, पण श्रोत्यांचा राग बार्बर यांच्यावर. लिंबू-मिरची टांगणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

व्हाइट सॉक्सच्या बाबतीत तक्रारींचे महाभारत केन हॅरलसन यांच्यापासून सुरू होते. ‘हॉक’ या नावाने ओळखले जाणारे हे माजी खेळाडू मधली काही वर्षे वगळता 1982 पासून 2018 पर्यंत संघाचे समालोचक होते. ते स्वतःच्या संघाला ‘गुड गाइज’ म्हणत. प्रतिस्पर्धी बॅटर बाद झाला की ‘ही गॉन’, आपल्याने होम रन मारला की ‘यू कॅन पुट इट ऑन द बोर्ड, येस!’ आणि आपला संघ मार खात असला की मौन. हे मौन इतके गडद असे की आवाज बंद पडला की काय म्हणून माणूस रिमोट शोधू लागे. 2012 साली आपल्या पिचरला बाहेर काढणाऱ्या पंचावर ते थेट प्रक्षेपणात असे काही तुटून पडले की लीगच्या आयुक्तांना त्यांच्याशी बोलावे लागले. या गृहस्थांना 1986 मध्ये संघाने समालोचन सोडायला लावून चक्क जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचा प्रमुख, केले होते. त्या एका हंगामात त्यांनी टोनी ला रूसा या मॅनेजरला (म्हणजे प्रशिक्षकाला) काढून टाकले आणि पुढे ला रूसा यांनी इतर संघांबरोबर तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. समालोचकाला वाटते तितके संघ चालवणे सोपे नसते, याचा एवढा खर्चिक पुरावा दुसऱ्या कोणत्याही संघाने दिलेला नसावा.

इतर गावच्या प्रेक्षकांना हॅरलसन असह्य वाटत आणि इथल्याही निम्म्या लोकांना वाटत. तरी 2009 च्या जुलैमध्ये आमचा पिचर मार्क बर्ली याने टँपा बे संघाच्या एकाही बॅटरला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देता आठ इनिंग काढल्या, तेव्हा याच हॅरलसन यांनी दृष्टबिष्ट बाजूला ठेवून, मुलांना फोन करा, मुलींना फोन करा, मित्रांना, शेजाऱ्यांना फोन करा, असे सगळ्या शहराला सांगितले होते. नवव्या इनिंगमध्ये ड्वेन वाइजने कुंपणावर चढून एक होम रन अडवला आणि शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या असलेल्या अलेक्सी रामिरेझकडे गेला, तेव्हा हॅरलसन वर्णन करत नव्हते, ‘अलेक्सी?’ असे विचारत होते. पंचाहत्तर वर्षांच्या काकांनी स्वयंपाकघरातून विचारावे तसे. मला त्यांचा पक्षपात त्या दिवशी प्रथमच पटला.

या व्यवस्थेत एक अन्यायही आहे आणि तो चाहत्यांना समालोचकाइतकाच बोचतो. व्हाइट सॉक्सने 2005 मध्ये 88 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, पण अंतिम टप्प्याचे प्रक्षेपण राष्ट्रीय वाहिनीकडे असल्याने दूरचित्रवाणीवर तो क्षण ज्यांनी सांगितला, त्यांना या संघाशी काही देणे-घेणे नव्हते. त्याआधी 1980 मध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना त्यांचे लाडके समालोचक हॅरी कॅलस संघाच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी रेडिओवरही ऐकायला मिळाले नाहीत. तेव्हा एवढा गहजब झाला की स्थानिक रेडिओपुरता तो नियम बदलावा लागला. म्हणजे वर्षभर ज्याच्या नावाने बोटे मोडायची, तोच शेवटच्या दिवशी हवा असतो. राष्ट्रीय समालोचकाबद्दल तर दोन्ही संघांचे चाहते एकाच वेळी खात्रीने सांगतात की तो आपल्या विरोधात आहे.

हॅरलसन यांच्यानंतर जेसन बेनेटी आले. शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वाढलेले, लहानपणापासून याच संघाचे चाहते, कायद्याचे पदवीधर आणि विनोदाची उत्तम जाण असलेले. समालोचकाचे लोक कौतुक करतात, असा दुर्मीळ काळ आम्ही काही वर्षे अनुभवला. 2023 चा हंगाम संपल्यावर ते डेट्रॉइटच्या संघाकडे गेले आणि जॉन श्रिफेन हे नवे समालोचक आले, ते नेमके 2024 साली. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने 162 पैकी 121 सामने गमावून आधुनिक बेसबॉलमधील सर्वाधिक पराभवांचा विक्रम केला. त्यात सलग 21 पराभवांची एक मालिकाही होती. अशा संघाच्या क्वचित मिळणाऱ्या विजयावर ‘साउथ साइड, स्टँड अप!’ अशी उत्साही आरोळी ऐकली की उठून उभे राहण्याऐवजी वाहिनी बदलावीशी वाटे, हे खरे आहे. पण त्या जागी दुसऱ्या कोणी काय केले असते? गंभीर राहावे तर प्रेक्षक झोपतो, हसावे तर चिडतो आणि खेळाडूंना नावे ठेवावीत तर उद्या त्यांच्याच विमानातून प्रवास करायचा असतो. श्रिफेन यांच्यावर त्या वर्षी जी टीका झाली, तिच्यातली निम्मी तरी मैदानावरच्या खेळाची होती, असे माझे मत आहे. बॅटरवर ओरडून उपयोग नसतो, कारण उद्या बॅटर तोच असतो. मालकाला ऐकायचे नसते. राहता राहिला तो आवाज, जो रोज ठरलेल्या वेळी ही बातमी घेऊन घरात येतो. विक्रमी 121वा पराभव डेट्रॉइटमध्येच झाला आणि त्याच विजयाने डेट्रॉइटचा प्लेऑफमधला प्रवेश निश्चित झाला, हे नियतीने जरा जास्तच केले.

तरीही या साऱ्या कुरकुरीत एक तक्रार मला पूर्ण रास्त वाटते आणि ती शैलीची नाही. समालोचक आपल्या बाजूचा असलेला चालतो, नव्हे, तसाच हवा असतो. जे दिसते ते त्याने सांगितले नाही तर मात्र तो आपला राहत नाही, संघाच्या कार्यालयाचा होतो. सुदैवाने आमच्याकडे जोडीतले दुसरे समालोचक स्टीव्ह स्टोन आहेत. हे माजी पिचर 2004 मध्ये शहरातल्या दुसऱ्या संघाच्या, कब्जच्या, खेळावर स्पष्ट बोलल्यामुळे वादात सापडले आणि हंगाम संपताच ती नोकरी सोडून बाहेर पडले. सगळ्यांना असे बाहेर पडायची मुभाही मिळत नाही. 2023 मध्ये बाल्टिमोरचे समालोचक केव्हिन ब्राउन यांनी आपल्या संघाची टँपा बेच्या मैदानावरची आधीची कामगिरी निकृष्ट होती, एवढे पडद्यावरच्या आकड्यांच्या आधारे सांगितले, तर त्यांना काही काळ प्रक्षेपणातून दूर ठेवण्यात आले. तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी मैदानात ‘फ्री केव्हिन ब्राउन’ अशा घोषणा दिल्या आणि दुसऱ्या संघांच्या समालोचकांनी आपापल्या प्रक्षेपणातून निषेध केला. हर्षा भोगले 2016 च्या आयपीएलमधून एकाएकी दिसेनासे झाले, तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत जे बोलले गेले, तेच बाल्टिमोरमध्ये बोलले गेले असणार. आणि पुन्हा ते रेड बार्बर! सप्टेंबर 1966 मध्ये यांकी स्टेडियमच्या अवाढव्य मैदानात तिकीट काढून आलेले प्रेक्षक 413 होते. बार्बर यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरवायला सांगितले, त्यांना नकार मिळाला, म्हणून त्यांनी ते शब्दांत सांगितले. काही दिवसांतच त्यांना पुढचा करार मिळणार नाही असे कळले. यांकीज त्या वर्षी आपल्या लीगमध्ये शेवटचे आले होते आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला ते ठाऊकच होते.

आमच्या ओळखीतल्या अनेकांनी यावर जुना तोडगा काढला आहे: दूरचित्रवाणीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओवर लेन कॅस्पर यांना ऐकायचे. कॅस्पर हे पूर्वी कब्जचे दूरचित्रवाणी समालोचक होते आणि चांगले बोलतात. अडचण एवढीच की इंटरनेटवरून येणारे चित्र आता रेडिओच्या कितीतरी सेकंद मागे चालते. पडद्यावर पिचर अजून कॅचरच्या खुणेला मान डोलावत असतो आणि इकडे कॅस्पर यांनी धावपटू तिसऱ्या बेसवर बाद झाल्याचे सांगून टाकलेले असते. घरातली तरुण मंडळी रेडिओचे प्रक्षेपण फोनवर थांबवून ठेवतात आणि चित्राशी जुळवून पुन्हा सुरू करतात. प्रत्येक जाहिरातीनंतर ते थोडे सरकते, मग पुन्हा जुळवतात. एका इनिंगमध्ये मी हे करून पाहिले आणि श्रिफेन यांचा आवाज परत लावला.