लोकसुनावणी: बोललेलं कागदावर येईपर्यंत

मी बडोद्याची, सुभानपुऱ्यात राहते, बँकेतून निवृत्त झालेय. चळवळीशी माझा संबंध एवढाच की मोर्च्यात रिक्षा अडकली तर उतरून चालायला लागायचं. पण आमच्या शाखेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांचं (त्यांना मी भाई म्हणते) शेत मही नदीच्या काठी आहे आणि त्यांच्या गावच्या शिवेवरच्या रसायन कारखान्याला उत्पादन वाढवायचं होतं. त्याला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी लोकसुनावणी, म्हणजे लोकांच्या हरकती जाहीरपणे ऐकून घेणं. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. हा कारखाना वसाहतीबाहेरचा, म्हणून सुनावणी लागली. नोटिशीचं कात्रण घेऊन भाई घरी आले. मी म्हटलं, गावाचा प्रश्न आहे, गावानं बोलावं. तर म्हणाले, "बेन, बोलवानुं तो बधाने आवडे छे, लखवानुं कोईने नथी आवडतुं." म्हणजे बोलता सगळ्यांना येतं, लिहिता कुणालाच येत नाही.

तसा प्रश्न गावापुरता नव्हताच. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा इथल्या फ्रेंच विहिरींमधून (नदीपात्राच्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या मोठ्या विहिरी) महीचं पाणी शहराच्या मोठ्या भागाला येतं. माझा नळही त्यातलाच.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे नोटीस निघाल्यावर हरकतींसाठी निदान 30 दिवस द्यावे लागतात. (2020 मध्ये नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात ते 20 करायचा घाट घातला होता.) तोवर प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या कंपनीच्या अहवालाचा मसुदा कलेक्टर कचेरी, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवायचा असतो. मी गेले त्या कचेरीत तो कपाटात होता आणि किल्लीवाले साहेब रजेवर. लेखी अर्ज देऊन पोच मागितली, तेव्हा किल्ली सापडली.

अहवाल जाडजूड. सगळा वाचायच्या भानगडीत पडले नाही. बँकेत कर्जाची फाइल बघायचो तशी शोधाशोध केली, काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते. हवा-पाण्याची मोजमापं एकाच हंगामातली, तीही पावसाळा सोडून. नियमात हे बसतं. पण ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचा पूर घराघरात शिरलेला पाहिलेल्या माणसाला पावसाळा वगळलेला अहवाल कसा पटावा? आपत्तीच्या प्रकरणात आग होती, वायुगळती होती. ओढ्याला पूर आला तर साठवण टाक्यांचं काय, हे नव्हतं. बॉयलर कोळशावरचा. चिमणीची उंची, गंधक, धूळ सगळं नोंदवलेलं, कार्बन डायऑक्साइडचा मात्र हिशोब नाही. एक टन कोळसा जाळला की ढोबळ मानाने दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नफा कंपनीच्या खात्यात आणि उन्हाळा भेंडी तोडणाऱ्या बायकांच्या डोक्यावर, ही वाटणी मला पहिल्यापासून खटकत होती. 21 मार्च 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम 14 आणि 21 मधला हक्क मानला आहे. ते आम्ही अर्जात घातलं. भाईंच्या सुनेनं सगळा अर्ज सुवाच्य गुजरातीत उतरवला, गावातल्या बायकांनी सह्या-अंगठे केले आणि सुनावणीआधीच प्रदूषण नियंत्रण बोर्डात देऊन आमच्या प्रतीवर शिक्का घेतला.

सुनावणी मांडवात. पुढच्या रांगांत कंपनीच्या ठेकेदाराची पोरं, नाश्त्याची पाकिटं घेऊन. त्यांच्यावर राग धरावा असं मला वाटलं नाही. घरातला एक पगार तिथूनच येत असतो. त्यांनीही विचारलं तेच, कायम कधी करणार? अधिक (अतिरिक्त) कलेक्टर अध्यक्षस्थानी, शेजारी बोर्डाचे अधिकारी, व्हिडिओ चालू. कंपनीच्या सल्लागारानं पडद्यावर हिरवी झाडं दाखवली. मग माइक फिरला. एका आजींनी बोअरच्या पाण्याची बाटली थेट टेबलावर ठेवली, "पी बताव." सल्लागार हसला, बाटलीकडे हात मात्र गेला नाही.

बोलून झालं तसे लोक उठायला लागले. म्हशींच्या धारेची वेळ. मी भाईंना म्हटलं, आता कुणाला हलू देऊ नका. कारण नियम असा की इतिवृत्त त्याच दिवशी, शेवटी, लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि मगच अध्यक्षांची सही. वाचलं तेव्हा त्यात नोकऱ्या होत्या, शाळेला बाकं देण्याचं आश्वासन होतं. टाक्या आणि कोळसा गायब! भाईंच्या सूनबाईंनी उभं राहून शिक्का मारलेली प्रत पुढे केली आणि आवक क्रमांक वाचला. अधिक कलेक्टर भले गृहस्थ निघाले. दोन्ही मुद्दे लिहून घेतले, कंपनीचं उत्तरही. त्यात त्यांना रात्र झाली.

मंजुरी मिळालीच. ती थांबेल अशी आशा मलाही नव्हती. पण पत्रातल्या अटींमध्ये टाक्यांभोवती पुराच्या पातळीवर बांध आणि गावच्या विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणी आली. कोळशाचं काहीच नाही. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात, सबळ कारण असेल तर पुढे आणखी 60. आमच्या भागाचं खंडपीठ पुण्याला. वकिलाच्या खर्चावर गावात दोन तट पडले आणि मुदत गेली.

अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. जूनचा आम्ही मागवलाय. विहिरीच्या तपासणीचे आकडे त्यात आहेत, पण कुठल्या विहिरीचे ते लिहिलेलं नाही. सूनबाईंनी तसा अर्ज केलाय, या वेळी माझ्याकडे न येता.