स्लोप निघाला एकदाचा

आज बेलापूरच्या ऑफिसात सकाळपासून एकच रडगाणं, स्क्रिप्ट चालत नाही. आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पारसिकच्या डोंगराचा स्लोप, म्हणजे उतार, काढायचा होता, साधं काम, कालपर्यंत नीट चाललेली स्क्रिप्ट, एक अक्षर बदललेलं नाही आणि आज लायसन्स नाही म्हणून लाल अक्षरं. ज्युनियर लगेच, दादा पायथन परत इन्स्टॉल करूया का? म्हटलं थांब रे बाबा, या पोरांना प्रत्येक दुखण्यावर रीइन्स्टॉलच सुचतं.

आर्कपाय म्हणजे या सॉफ्टवेअरची पायथन लायब्ररी, तिच्यातलं लायसन्स तपासणारं चेकएक्स्टेन्शन चालवून बघितलं तर उत्तर 'अनअव्हेलेबल'. 'नॉटलायसन्स्ड' आलं असतं तर लायसन्सच व्हॅलिड नाही, मग आयटीवाल्यांच्या मागे लागावं लागलं असतं, पण हे म्हणजे लायसन्स आहे फक्त कोणीतरी धरून बसलंय. आमची लायसन्स सर्व्हरवरून सगळ्यांत वाटली जातात, स्क्रिप्ट वेगळी चालवली तर ती संपल्यावर स्पेशियल अ‍ॅनालिस्ट (स्लोपला लागणाऱ्या जोडभागाचं लायसन्स) आपोआप परत जातं, पण सॉफ्टवेअर उघडं ठेवून आतल्या पायथन विंडोत ते चेकआउट केलं (म्हणजे घेतलं) आणि चेकइन नाही केलं (म्हणजे परत दिलं नाही) की बसा बोंबलत. शेजारच्या टीममधले एक साहेब तसंच ठेवून ठाण्याला साइटवर गेलेले, फोन उचलत नाहीत.

मग आठवलं, स्लोप थ्रीडी अ‍ॅनालिस्ट या दुसऱ्या जोडभागावर पण निघतो की! त्याला कोणी हात लावत नाही. चेकआउटमध्ये 'स्पेशियल'च्या जागी 'थ्रीडी', टूल पण तिकडचं घेतलं, चहा येईपर्यंत उताराचं रास्टर (चौकटी-चौकटींचा नकाशा) तयार.

साहेब संध्याकाळी उगवले, म्हणे अरे मी मशीन लॉक करून गेलेलो. हो ना साहेब, लायसन्ससकट 😅