ओडीसी, म्हणजे मापाबाहेरच्या मालाच्या परमिशनचा माझा अनुभव (आणि एका ओढ्यावरचा पूल)

आमचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत. डिस्टिलरीच्या टाक्या, कॉलम वगैरे बनवतो. या वेळची टाकी ४.२ मीटर व्यासाची होती आणि लांबी बारा मीटर. रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर गेली की परवानगीशिवाय हलता येत नाही, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. २०१९ च्या सुधारणेपासून असा बाहेर आलेला माल विनापरवाना सापडला तर २० हजार दंड आणि माल उतरवायचा खर्चही आपलाच, त्यामुळे "रात्री काढू गुपचूप" म्हणणारा ट्रान्सपोर्टर दिसला की लांबूनच नमस्कार करा.

नॅशनल हायवेच्या परवानगीचं काम ऑनलाइन झालं, आरटीओचंही मार्गी लागलं. मिरज ते सोलापूर रस्ता आता मोठा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडकलो कुठं, तर हायवे सोडल्यावरच्या शेवटच्या थोड्या किलोमीटरवर, ओढ्यावरच्या एका जुन्या पुलावर. तो पूल ज्या कार्यालयाच्या ताब्यात, त्यांचं ना-हरकत पत्र लागतं.

पहिल्यांदा गेलो तर म्हणाले ड्रॉइंग आणा. दिलं. मग म्हणाले यावर एक्सलप्रमाणे वजन नाही. बरोबर आहे, पुलाला एकूण वजनापेक्षा कुठल्या एक्सलवर किती आणि दोन एक्सलमधलं अंतर किती याच्याशी मतलब असतो, पण त्यांच्या फॉर्मात रकाना एकच, "एकूण वजन". मग तेही दिलं तर साहेब साइटवर. साहेब आले तर ड्रॉइंगवर ट्रान्सपोर्टरचा शिक्का हवा. शिक्का मारून नेलं तर टेबलवरचा माणूस बदललेला आणि नवीन माणूस पहिल्यापासून विचारतोय, "वजन किती?"

आता गंमत ऐका. टाकी सोळा टनांच्या आसपास. पुलर (ओढणारी गाडी) आणि लो-बेड (बुटका ट्रेलर) धरून सगळं मिळून एकेचाळीस. २०१८ पासून ५५ टनांपर्यंतचे ट्रेलर कायद्यानंच चालतात! म्हणजे एकूण वजन नियमात होतं, खरा प्रश्न रुंदीचा होता, कठड्यांच्या मधून टाकी जाते का एवढाच. ते मोजायला मात्र कुणी येईना. शेवटी आम्हीच टेप लावून फोटो काढले, तारखेसकट प्रिंट मारून अर्जाला जोडले. आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलेलो असताना त्याच रस्त्यानं उसाच्या डबल ट्रॉल्या चाललेल्या, मागं ना रिफ्लेक्टर ना लाइट, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. त्यांना कोण विचारतंय? डोकं फिरलं होतं अक्षरशः.

तिकडं हायवेच्या परवानगीची मुदत संपत आलेली. ती गाडीच्या नंबरवर असते हे लक्षात ठेवा, ट्रान्सपोर्टरनं "हा ट्रेलर नाही, दुसरा देतो" म्हटलं की सगळं परत. पत्र मिळालं ते मुदतीच्या अगदी काठावर. वर्कशॉपमध्ये पेढे वाटले, खोटं नाही सांगत.

बरं, तारांचं राहिलं. उंची माल चढवल्यावर परत मोजा, कागदावरची धरू नका. आमची ५.३ मीटर भरली. नियमानं रस्ता ओलांडणारी लो टेन्शन तार ५.८ मीटरवर हवी आणि हाय टेन्शन ६.१ वर, पण गावात कुठलं काय. आणि रूट सर्व्हे दुपारच्या उन्हात करा, तार तापली की खाली येते, सकाळी मोजून गेलात तर फसाल. हेल्परला बांबू देऊन चालू तार उचलायला लावणारे लोक बघितलेत मी. सुका बांबू असला तरी नको. वीज कंपनीकडं शटडाऊनचा अर्ज आधीच द्यायचा आणि लाइनमन सोबत ठेवायचा, त्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पुलावरून जाताना दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. गाडी बरोबर मधोमध, ताशी पाच किलोमीटर, पुलावर ब्रेक मारायचा नाही. एक मोटारसायकलवाला तरी घुसलाच, "काका, जाऊद्या की, दोन मिनिटं." पायलट गाडीच्या पोरानं त्याला अडवला म्हणून बरं. दोन्ही कठड्यांपासून जागा राहिली, आमच्या फोटोत दिसत होती तेवढीच.

म्हणून रूट बघायचा तर जिथं माल उतरायचाय तिथून उलटा बघत या, आणि शेवटच्या रस्त्याचा मालक कोण, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की आणखी कुणी, ते ऑर्डर घेतानाच शोधा. लाल झेंडे, रात्रीचे लाल दिवे, मागं ओडीसीचा बोर्ड हे ट्रान्सपोर्टर देतो म्हणतो, पण निघताना स्वतः बघा. चेनच्या टर्नबकल (चेन ताणायचे स्क्रू) पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर सैल होतात, तिथं थांबून परत आवळायच्या.

आणि हॉल्टिंगचा दर आधी लेखी घ्या. पत्राची वाट बघत ट्रेलर आमच्या गेटवर उभा होता, त्या दिवसांचं बिल कुणी भरायचं यावर आमचा आणि ट्रान्सपोर्टरचा वाद अजून चालूच आहे.