तेहेतीस परस

थेम्सच्या बोगद्याच्या कामावर लागलो तेव्हा आबांनी फोनवर पहिलं विचारलं, "किती परस?" आमच्याकडे विहीर परसात मोजतात, सहा फुटांचा एक. साठ मीटरचा हिशेब करून सांगितलं, तेहेतीस. आबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पाणी कितीला लागलं?"

पाणी लागू नये म्हणूनच सगळा खटाटोप, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. लंडनची १८६०च्या दशकातली गटारं पाऊस आणि मैला एकत्रच नेतात. पाऊस वाढला की सगळं नदीत. ते अडवून साठवायला अ‍ॅक्टन ते अ‍ॅबी मिल्स २५ किलोमीटरचा, ७.२ मीटर व्यासाचा बोगदा केला (२०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला). पूर्वेकडे तो खडूच्या दगडातून जातो आणि तो दगड पाण्याने भरलेला. म्हणून तिथे शाफ्टची, म्हणजे बोगद्यात उतरायच्या उभ्या विहिरीची, भिंत आधी जमिनीतच ओततात, आतली माती मागाहून काढतात.

कटर खाली चर कापत जातो. चर ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ राडा भरलेला. काँक्रीट ओतायचं ते भिंतीच्या एकेका तुकड्याचं, म्हणजे पॅनेलचं: आधी एकाआड एक, मग मधली, शेजारच्यांचं काँक्रीट थोडं खरवडून. गोम इथेच आहे. दोनशेला एक एवढा कल गेला तरी साठ मीटरवर ३० सेंटीमीटर. वर डोळ्याला कळत नाही, खाली फट पडते.

माझ्याकडे राड्याची तपासणी. एका रात्री तळाचा नमुना चाळणीवर धुतला, तर काचेच्या नळीत वाळू मर्यादेच्या वर. काँक्रीट सांगून ठेवलेलं, प्लँटवरून फोनवर फोन. काँक्रीट तळापासून भरत वर येतं. वाळू तशीच ठेवली तर त्याबरोबर ढकलली जाते आणि सांध्यात अडकून बसते. मी म्हणालो, राडा बदला. आवाज थरथरला, खोटं कशाला सांगू. पहाट झाली ओतायला.

खणत खणत त्या पॅनेलच्या तळाशी पोचायला महिने गेले. क्रेनच्या पाळण्यातून उतरलो. एवढ्या खोलीवर आडवा टेकू एकही नाही. भिंत गोल, त्यामुळे पॅनेलंच एकमेकांना दाबून धरतात. माझा सांधा शोधून त्यावरून हात फिरवला. बोटभर रुंद तपकिरी रेघ, जराशी ओलसर. थेंब नव्हता.

फोटो आबांना पाठवला. उत्तर आलं, "कोरडीच लागली की रे. पैसे गेले."