ट्रॅकचे टायर, नोंद ३: बाण कुठे बघायचा

मोटरसायकलच्या दोन्ही १७ इंची रिमवर नवे टायर चढले. पुढे ११०/७०, मागे १५०/६० मापाचा. गाडी मुंबईहून टेम्पोत चढून कोईंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर जाणार आहे. तिथे उतरवल्यावर टायर उलटा निघाला तर सरावाचा दिवस गेला. म्हणून आजची नोंद मुख्यतः दिशेबद्दल, म्हणजे टायर कुठल्या बाजूने फिरायचा हे सांगणाऱ्या, त्याच्या कडेवरच्या बाणाबद्दल.

नक्षी बघून दिशा ठरवू नका. पुढच्या-मागच्या टायरची नक्षी पुष्कळदा एकमेकांच्या उलट दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं, एक चुकलाय. तसं नसतं. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाची, रबरी पट्टी टायरभोवती गुंडाळून तिची तिरकी कापलेली टोकं एकावर एक चिकटवतात. मागच्या टायरवर मोठा जोर पिकअपचा, पुढच्यावर ब्रेकचा, आणि हे जोर विरुद्ध दिशांचे. सांधा उचकटू नये, दाबला जावा, या हिशोबाने बाण देतात. म्हणून तर नक्षी नसलेल्या स्लिकवरही बाण असतो. पुढे-मागे दोन्हीकडे चालणाऱ्या टायरवर दोन उलटे बाण असतात. कुठला फ्रंटचा, कुठला रिअरचा, हे वाचूनच लिव्हर (टायर चढवायची पट्टी) हातात घ्या.

चूक होते ती रिम आडवी ठेवल्यावर. चेनची बाजू म्हणजे गाडीची डावी. डावी बाजू वर असेल तर बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरला पाहिजे, उजवी वर असेल तर काट्यांप्रमाणे. उभ्या चाकावर तपासताना बाण वरच्या टोकाला आणा, तिथे तो पुढे दाखवेल. तोच बाण खाली गेला की मागे दाखवतो आणि भलेभले तिथेच गोंधळतात. चाक काढण्याआधी रिमवर खडूने बाण काढून ठेवला की वादच उरत नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अ‍ॅलॉय रिमवर, बीड (टायरची रिमला बसणारी कडा) टेकते तिथे, पांढरी भुकटी धरते. ती राहिली की हवा हळूहळू उतरते. स्कॉच-ब्राइटने घासून रिम कोरडी पुसली, मग बीडला साबणाचं पाणी. ब्रेकच्या डिस्कवर भार येऊ नये म्हणून रिम जुन्या टायरवर ठेवली. तीन लिव्हर, रिमला प्लास्टिकचे संरक्षक, एका वेळी जेमतेम ५ सेंटीमीटर. लिव्हर जड लागली की थांबायचं. समोरची बीड रिमच्या मधल्या खोलगट भागातून वर आलेली असते, तिला गुडघ्याने परत खाली दाबायचं. जोर लावलात तर बीड फाटते.

हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढली. ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात दोन्ही बाजू ठप्प करून बसल्या नाहीत, तर हवा सोडून पुन्हा साबण. बसल्यावर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते आधी काढा. नाहीतर तेच टायरमध्ये जातं आणि टायर तापला की प्रेशर जास्त चढतं.

पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी जागा, ती व्हॉल्व्हपाशी. पुढचं चाक रिमला १५ ग्रॅम वजन लावून बॅलन्स झालं. मागच्याला ४५ ग्रॅम लागतायत, हे जास्त वाटतं. बीड सोडवून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बघायचाय. त्याने दिशा बदलत नाही, तरी चाक लावण्याआधी बाण पुन्हा वर आणून बघणारच.