खिडकी उघडी ठेवायची की बंद?

हा प्रश्न मला लोक कुठेही विचारतात: लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असताना. दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात हत्यारं घालून विचारलं होतं, "तुम्ही हवेचं शिकलात ना? मग सांगा, खिडकी उघडी ठेवायची की बंद?" आता पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

लोकांना उत्तर एका शब्दात हवं असतं आणि मुंबईची हवा तासातासाला बदलते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की धूळ-धूर पांगतो. रात्री वारा उलटा फिरतो, जमिनीवरून समुद्राकडे, आणि तोही मरगळलेला. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार झाली की शहरावर झाकण बसतं; ऊन चांगलं तापेपर्यंत ते निघत नाही. म्हणून सकाळची शुद्ध हवा खायला साडेसहाला शिवाजी पार्कात फेऱ्या मारणाऱ्या आमच्या काकांना मी डिसेंबरात सांगते, जरा उशिरा जा. ते हसतात.

मग कोणीतरी मोबाइलवरचा हवेचा निर्देशांक (एक्यूआय) पुढे करतं. सरकारी निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, तुमची खिडकी आत्ताची आहे. शिवाय पीएम २.५, म्हणजे ते सूक्ष्म कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तर आपल्याकडे दिवस 'समाधानकारक'. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची मर्यादा १५ वर आणली. आता ५० मायक्रोग्रॅमचा दिवस चांगला की वाईट, तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी घडाघडा सांगते, सवय झालीय. पण प्रश्न ऐकला की आधी पोटात गोळा येतो, त्याचं कारण वेगळं आहे.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी देवनारच्या कचऱ्याच्या डम्पिंगजवळच्या वस्तीत मी सहा घरांत सेन्सर लावले होते. लेसरच्या उजेडात कण मोजणारे, स्वस्तातले. दमट हवेत कण फुगतात आणि ही यंत्रं वाढवून सांगतात, म्हणून पावसाळा टाळून हिवाळा निवडला. सोबत घरातलं तापमानही नोंदलं जायचं. त्यातलं एक घर मावशींचं. एक खोली, वर पत्रा, पोटमाळा, खिडकी एकच. धाकटा नातू सहा वर्षांचा, रात्रभर खोकायचा.

महिन्याभराचा आलेख काढला तर रोज रात्री आठला रेघ ताडकन वर. डासांची अगरबत्ती. मला कोण आनंद! सगळे डम्पिंग डम्पिंग करतात आणि मी खोलीतलं काहीतरी पकडलं होतं. रंगीत प्रिंट काढून घेऊन गेले. शेजारणीही जमल्या. मी बोट ठेवून समजावलं, "हे बघा मावशी, इथे तुम्ही अगरबत्ती लावलीत."

मावशी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे पोराचा खोकला माझ्यामुळे?"

"नाही हो, तसं नाही..." मी पुढे काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. मिश्र स्रोत वगैरे.

"मोठ्याला पावसाळ्यात मलेरिया झालेला, बाळा. मग डास येऊ दे म्हणतेस?" आवाज चढलेला नव्हता. चहा ठेवला त्यांनी.

पुढचं मला आकड्यांतून कळलं. दुसऱ्या दिवसापासून आठचा उंचवटा गायब. त्याऐवजी मध्यरात्रीनंतर रेघ हळूहळू चढलेली, बाहेरचा धूर आत येत असल्यासारखी. चार दिवसांनी तेही थांबलं, पण रात्री उतरायचं ते तापमान उतरेना. खिडकी लावून घेतली असणार. फेब्रुवारी होता, पत्रा दिवसभर तापलेला. दहाव्या रात्री आठचा उंचवटा परत आला.

सरांनी पाठ थोपटली. इतका स्वच्छ परिणाम सहसा मिळत नाही म्हणाले. प्रबंधात त्या नऊ रात्रींवर 'वर्तनातील बदल' नावाचं प्रकरण आहे. गुण चांगले पडले.

तेव्हाची मी आत्ताच्या मला विचारते, आकडे खोटे होते का? नव्हते. खाटेपासून दोन हातांवरचा धूर त्या पोराच्या नाकात जात होता. सांगितलं नसतं तर तेही पापच. मान्य. पण तोच कागद घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले नाही. मावशींकडे गेले, कारण तिथलं दार उघडं होतं. २०१६ च्या जानेवारीत ते डम्पिंग पेटलं तेव्हा धूर उपग्रहातून दिसला होता, आणि वस्तीतल्या बायकांपुढे बोट ठेवायला मी नेमका अगरबत्तीचा धूर निवडला. यावर ती गप्प बसते. मग म्हणते, वॉर्ड ऑफिसात जाऊन काय झालं असतं? इथे मी गप्प बसते. हे भांडण अजून मिटलेलं नाही, मिटेल असं वाटतही नाही.

तर, खिडकी. फोडणी देताना उघडी, बाहेर काहीही असो. हिवाळ्यात पहाटेपासून नऊ-दहापर्यंत बंद. दुपारी समुद्राचा वारा लागला की उघडी. शेजारी टॉवर उठत असेल तर आधी भोवती धूळ अडवणारे पत्रे आहेत का बघा. मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटांचे लावायला महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. नसतील तर तक्रार तिकडे करा, मला फोन नको.

आणि हो, हे उत्तर ज्यांच्या घराला दोन तरी खिडक्या आहेत त्यांच्यासाठी आहे. माझ्या घराला चार आहेत.