सुळा आणि डोळा

चवथीच्या आदल्या दिवशी माझा दातांचा दवाखाना दुपारीच बंद करायचा, असं ठरवलं होतं. फोंड्याच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-भाज्यांच्या छताच्या, सामानाला एवढी गर्दी, पेशंट कोण येणार? साडेअकराला सत्तरी तालुक्यातून एक काका आले, बरोबर काकी. सूज नाकाच्या कडेने वर चढलेली, खालची पापणी फुगून डावा डोळा जेमतेम किलकिला.

"डॉक्टर, रूट कॅनल नको हां. वरच्या दाताची नस डोळ्याला जाते. गोळ्या लिहून द्या, चवथ होऊ दे," काकी म्हणाल्या.

याच सुळ्याने दोन महिन्यांपूर्वी काकांना तीन रात्री झोपू दिलं नव्हतं. लवंगेचं तेल झालं, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या, आणि एके दिवशी ठणका आपसूक थांबला. "बरा झाला म्हणून सोडून दिला." हे ऐकलं की माझा जीव तुटतो. ठणका थांबला होता तो आतली नस मेली म्हणून.

गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाताला लावला, काका दचकले. सुळ्याला लावला तेव्हा त्यांना कळलंच नाही; म्हणाले, "लावा ना."

आधी डोळा तपासला. बुबुळ सगळीकडे फिरत होतं, दिसत होतं, ताप नव्हता; नाहीतर तिथूनच हॉस्पिटलला पाठवलं असतं. मग काकींना एक्स-रे दाखवला. दृष्टीची नस वेगळी, दाताची वेगळी. पण सुळा हा तोंडातला सगळ्यांत लांब दात, मूळ नाकाच्या बाजूने वर गेलेलं. म्हणून त्याचा पू डोळ्याखाली साठतो. डोळ्याला भीती होती ती या पुवाची. आणि नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण औषध रक्तातून पोचतं आणि मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही.

काकी बराच वेळ एक्स-रेमधल्या मुळाच्या टोकाशी असलेल्या काळ्या डागाकडे बघत राहिल्या. "करा," एवढंच म्हणाल्या.

इंजेक्शन देताना काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. दाताला मागून छिद्र पाडलं आणि पिवळट पू रक्तासकट वर आला, येतच राहिला. पाच-सात मिनिटांत त्यांची बोटं सैल पडली. "हलकं वाटतंय," ते तोंड उघडं ठेवूनच पुटपुटले. बारीक फाइलने पोकळी साफ केली, औषधाने धुतली, आत औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. सूज होती म्हणून गोळ्याही दिल्याच.

विसर्जनानंतर आले तेव्हा सूज पार उतरली होती. चवथीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवून आरत्या म्हटल्या, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. त्या दिवशी दाताच्या मुळाच्या पोकळीत गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरला. कायमचं फिलिंग पुढच्या आठवड्यात. तेवढं राहिलं तर लाळ झिरपून सगळं पुन्हा बिघडतं. आता काही दुखत नाही ना, म्हणून मी काकींचा फोन नंबर घेऊन ठेवलाय.